घरची कार्यशाळा : ग्रासकटर आणि चेनसॉविषयी वाचकांचे प्रश्न

भाद्रपदात बागेतले रान कमरेइतके वाढते, पडवीत आणि कोठीत ठेवलेले ग्रासकटर बाहेर निघतात आणि नवरात्रापासून आंबा-काजूच्या बागांची सफाई सुरू होते. या दोन महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बहुधा एकच असतो : यंत्र चालू होत नाही आणि दुरुस्तीवाल्याने ‘इंजिन गेले’ असे सांगितले आहे. गेली अनेक वर्षे मी घराच्या पडवीत अशी यंत्रे उघडत आलो आहे, आणि ‘गेलेले’ म्हणून माझ्याकडे आलेले इंजिन पुष्कळदा मुळीच गेलेले नसते, पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांच्यापैकी एकाची वाट अडलेली असते, हे मी अनुभवाने लिहितो आहे. या वेळी आलेल्या पत्रांतून अशी सात पत्रे निवडली आहेत, की ज्यांचे उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे.

प्रश्न : माझ्याकडे टू-स्ट्रोक ग्रासकटर आहे. डिसेंबरात काम संपल्यावर तो टाकीतल्या पेट्रोलसकट कोठीत ठेवला. आता चोक लावून दोरी ओढली की तो चालू होतो, पण चोक काढताच बंद पडतो. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, तरी फरक नाही. तालुक्याच्या गावी दाखवला तेव्हा नवे इंजिनच बसवावे लागेल असे सांगण्यात आले. खरोखर तेवढा खर्च करावा का?
— एक बागायतदार, गुहागर तालुका

उत्तर : कृपया अजून नवे इंजिन घेऊ नका. चोकवर चालणारे आणि चोक काढताच बंद पडणारे इंजिन स्वतःच आपले दुखणे सांगत असते. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. ती लावल्यावर इंजिन चालते याचा अर्थ ठिणगी आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, आणि कमी पडते आहे ते फक्त पेट्रोल. तेव्हा शोध टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच घ्यायचा आहे.

आरंभ टाकीतल्या पेट्रोलपासून करावा. ते काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरून पाहा. आता पंपावर मिळणाऱ्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने राहिली, की पाण्याचे प्रमाण वाढत जाऊन एका टप्प्याला पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणून हे विशेष घातक ठरते, कारण टाकीतला फिल्टर वजनाने तळाशीच लोंबत असतो आणि तो प्रथम हाच थर ओढतो, ज्यात ऑइल जवळजवळ नसते. बाटलीत तळाशी वेगळा थर दिसला, किंवा पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते पुन्हा टाकीत घालू नये.

टाकी रिकामी झाल्यावर तारेचा लहान आकडा करून आतला फिल्टर तोंडापर्यंत ओढून घ्या. तो काळपट किंवा चिकट असेल तर धुण्यात वेळ न घालवता बदला, त्याची किंमत नगण्य असते. रबरी नळ्या बोटांनी वाकवून पाहा, कारण जुनी नळी टाकीच्या भोकापाशी चिरते आणि तेथून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. त्यानंतर टाकीला हवा देणारे बारीक छिद्र तपासा. यंत्र बंद पडू लागले असता टाकीचे झाकण सैल केल्यावर ते सावरले, तर दोष त्या छिद्रात आहे असे समजावे. आपल्याकडे कुंभारीण माशी अशी छिद्रे मातीने लिंपून टाकते. माझ्याकडे आलेल्या एका ग्रासकटरच्या सायलेन्सरमध्ये तिने पाच कोठड्यांचे घर बांधले होते आणि मालक बिचारे सकाळपासून दोरी ओढत होते.

एवढे करूनही गुण आला नाही, तर कार्बोरेटर उघडावा, आणि आपल्या बाबतीत दोष तेथेच निघण्याचा संभव अधिक आहे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो. हे यंत्र मात्र आडवे-तिरपे कसेही धरून चालवावे लागते, म्हणून त्यात फ्लोटच्या जागी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखाली फिरणाऱ्या क्रँक दांड्याच्या पेटीतल्या) दाबाच्या चढउतारावर थरथरत पेट्रोल ओढतो, तर दुसरा एका लहान तरफेमार्फत सुई उचलून हवे तेवढेच पेट्रोल आत सोडतो. हा दुसरा पडदा कडक झाला, की तो तरफ पुरेशी दाबू शकत नाही आणि इंजिन उपाशी राहते. झाकणाचे स्क्रू काढून पडदा चिमट्यात धरून पाहा : नवा पडदा दुधावरच्या सायीसारखा लवतो, जुना वाळलेल्या केळीच्या पानासारखा ताठ राहतो. पडदे, गॅस्केट आणि सुई असा पूर्ण संच मिळतो व तो एकदम बदलणे हेच शहाणपणाचे आहे. बहुतेक कार्बोरेटरमध्ये सुईच्या बाजूला आधी गॅस्केट आणि त्यावर पडदा बसतो, पंपाच्या बाजूला मात्र आधी पडदा आणि त्यावर गॅस्केट. हा क्रम उलटला तर नव्या संचानेही यंत्र चालत नाही, म्हणून उघडताना प्रत्येक थराचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. पंपाच्या पडद्यामागे नखाएवढी बारीक जाळी असते, तीही पाहावी. भोके साफ करताना त्यांत तार घालू नये. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारावा, आणि तो मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतो.

आपण ऑइल ‘अंदाजाने’ घालत असल्याचे पत्रात पुढे लिहिले आहे. पंचवीसास एक म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर आणि पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत ज्या प्रतीच्या ऑइलसाठी जे प्रमाण दिले आहे तेच पाळावे. जास्त ऑइलने इंजिन अधिक सुरक्षित राहते हा समज खरा नाही. जास्तीचे ऑइल सायलेन्सरच्या जाळीत काजळी होऊन साचते आणि यंत्र स्लोवर चालते पण गवतात घातले की गळपटते. मिश्रण महिनाभर पुरेल एवढेच करावे, आणि हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

प्रश्न : आमच्या घरी चार-स्ट्रोक लॉन मूव्हर आहे आणि तो नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गराजमध्ये पडून असतो. दर वसंतात कार्बोरेटर साफ करावा लागतो. टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, याविषयी इथे दोन मते ऐकतो.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही मतांना आधार आहे, अट एवढीच की अर्धवट काही ठेवू नये. टाकी भरलेली ठेवायची तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. नुसते टाकीत ओतून ठेवण्याचा उपयोग नाही. रिकामी ठेवायची तर इंजिन बंद पडेपर्यंत चालवून शिवाय फ्लोटच्या वाटीचा खालचा बोल्ट काढून उरलेले थेंबही काढावेत. तुमच्याकडे दुकानात इथेनॉलविरहित पेट्रोल लहान डब्यांत मिळते. हंगामातली शेवटची टाकी त्याची घातली, तर वसंतातले काम बरेच कमी होईल.

प्रश्न : २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या बागेतली झाडे आडवी झाली तेव्हा आम्ही चेनसॉ घेतला. यंदा तो जरा मंद वाटला म्हणून एका ठिकाणी दाखवला. त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू ‘थोडा टाइट’ करून दिला आणि यंत्र पूर्वीपेक्षा जोरात चालू लागले. आठ दिवसांत ते कामात असतानाच जाम झाले. नवा पिस्टन बसवला, तोही दोन आठवड्यांत धरला. मिश्रण मी स्वतः मोजून करतो. चूक कोठे होत असावी?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण हे नुकसान टळण्यासारखे होते. ३ जून २०२० रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्या भागात एकाएकी अनेकांनी चेनसॉ हाती घेतले, आणि त्या पावसाळ्यात माझ्या पडवीत धरलेल्या पिस्टनांची रांग लागली होती. बहुतेकांनी घाईत साधे पेट्रोल घातले होते. आपला दोष त्याहून निराळा आणि ओळखण्यास कठीण आहे.

कार्बोरेटरवर साधारणपणे तीन स्क्रू असतात. ‘एल’ कमी वेगाच्या मिश्रणाचा, ‘एच’ पूर्ण वेगाच्या मिश्रणाचा आणि तिसरा नुसता स्लो ठरवणारा. ‘एच’ घड्याळाच्या दिशेने आवळला की पेट्रोल कमी होते, वेग वाढतो आणि आवाज खणखणीत येतो. ऐकणाऱ्याला वाटते की यंत्र सुधारले. प्रत्यक्षात टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि त्याच वेळी वेग व उष्णता मात्र जास्त. पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम फुगते, एक्झॉस्टच्या बाजूला सिलिंडरवर घासते आणि चिकटते. आपल्या यंत्राला मंदपणा आला होता तो एअर फिल्टरमधल्या भुशामुळे, सायलेन्सरच्या जाळीमुळे किंवा बोथट साखळीमुळे असू शकला असता. या तीनही गोष्टी पाहिल्याशिवाय स्क्रूला हात लावणे मी अत्यंत अयोग्य मानतो.

दुसरा पिस्टनही धरला, याचा अर्थ पहिल्या वेळी कारण न शोधता केवळ परिणाम बदलला गेला. ‘एच’ स्क्रू तसाच आवळलेला राहिला असेल, किंवा इंजिन कोठूनतरी चोरटी हवा घेत असेल : क्रँकचे ऑइल सील, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधला रबरी बूट, किंवा सिलिंडरखालचे गॅस्केट. चोरट्या हवेची खूण अशी, की रेस सोडल्यावरही इंजिन पटकन स्लोवर उतरत नाही, वर तरंगत राहते, आणि यंत्र आडवे केले की स्लो बदलतो. खात्री करण्यासाठी एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची बाजू रबर व पट्टी लावून बंद करतात, हातपंपाने आत अर्धा बार दाब भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. फुगे येतील तेथे गळती. सील आतल्या बाजूला ओढ असतानाही गळू शकतात, म्हणून दाबानंतर निर्वातानेही तपासणी करावी. ही तपासणी न करता जो तिसरा पिस्टन बसवील त्याच्याकडे यंत्र देऊ नका.

सिलिंडर टाकून देण्याआधी नीट पाहा. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून, दोरी हळूहळू ओढत एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. तेथे उभे चरे आणि चकचकीत चिकटलेला धातू असेल तर ते वंगणाच्या अभावाचे लक्षण आहे. चरे उलट कार्बोरेटरच्या बाजूला आणि मळकट करडे असतील तर फिल्टरमधून धूळ गेलेली असते. सिलिंडरवर दिसणारा धातू बहुधा पिस्टनचा चिकटलेला असतो, आणि खालचा कठीण मुलामा शाबूत असेल तर अनुभवी माणूस तो काढून सिलिंडर पुन्हा वापरू शकतो. नख फिरवल्यावर ते चऱ्यात अडकले, तर मात्र मुलामा गेला असे समजावे.

नव्या पिस्टननंतर ‘एच’ लावताना फिल्टर स्वच्छ, इंजिन गरम आणि पट्टी (जिच्या कडेने साखळी फिरते ती) व साखळी चढवलेली असावी. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपासून आरंभ करून, रिकाम्या पूर्ण रेसमध्ये आवाज किंचित घोगरा, थरथरता राहील इतपत स्क्रू मोकळा ठेवावा. लाकडात घातल्यावर तो घोगरेपणा निघून जातो आणि सूर स्वच्छ होतो. कान तयार नसेल तर प्लगच्या वायरीजवळ धरायचा लहान टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे उपकरण) घ्यावा आणि पुस्तिकेतला कमाल वेग ओलांडू नये.

प्रश्न : मी सुतार आहे. चेनसॉने ओंडका कापताना काप नेहमी डावीकडे वळतो आणि भुशाऐवजी पिठासारखी पूड पडते. साखळी मी स्वतः कानशीने घासतो. नवी साखळी घेतली की चार दिवस बरे चालते.
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नव्या साखळीवर काप सरळ जातो, यावरून यंत्र ठीक आहे आणि धार लावण्यात दोष आहे हे आपण स्वतःच सिद्ध केले आहे. धारदार साखळी लाकडाचे जाडसर छिलके काढते, बोथट साखळी पूड करते. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर धार कधी लावावी हे कोणाला विचारावे लागत नाही.

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साखळीचा आकार अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स यांनी एका किड्याच्या अळीवरून घेतला. लाकूड पोखरणारी ती अळी सरळ पुढे न कुरतडता डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने कातरत जाते, हे त्यांनी पाहिले, आणि तशी डाव्या-उजव्या दात्यांची साखळी १९४७ साली बाजारात आणली. सुताराला हे चटकन पटेल : दोन्ही बाजूंचे दाते सारखे लांब, सारखे उंच आणि सारख्या कोनाचे असतील तरच काप मध्यातून जाईल. उजव्या हाताच्या माणसाचा जोर एका बाजूला सहज बसतो आणि दुसऱ्या बाजूला हात अवघडतो; एका बाजूचे दाते आखूड होत जातात आणि साखळी लांब, धारदार दात्यांच्या बाजूला ओढली जाते.

पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरा, साखळीचा ब्रेक लावा आणि सर्वांत आखूड दाता शोधून त्याच्यावर शाईची खूण करा. तो दाता आधी नीट करून बाकी सर्व त्याच्या लांबीइतके आणावेत. कानशीचा व्यास साखळीच्या मापाप्रमाणे हवा : लहान यंत्रांवर असते ती तीन-अष्टमांश इंचाची लो-प्रोफाइल साखळी असेल तर ४ मिलिमीटर, आणि ०.३२५ इंचाची असेल तर ४.८ मिलिमीटर. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्यावर दिसावा, कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंश, आणि घासणे नेहमी आतून बाहेर, पुढे जातानाच. मागे आणताना कानस उचलावी, नाहीतर तिचे दात मरतात. एका बाजूचे दाते संपले की यंत्र फिरवून किंवा स्वतः दुसऱ्या बाजूला जाऊन बाकीचे घासावेत, आणि प्रत्येक दात्याला मोजून तेवढेच हात द्यावेत.

दात्यापुढे जो बुटका कंगोरा असतो तो लाकूड किती खोल घ्यायचे हे ठरवतो. दाते घासून ठेंगणे होतात आणि कंगोरा तेवढाच राहतो, म्हणून धार असूनही साखळी लाकूड घेत नाही आणि माणूस यंत्रावर जोर देऊ लागतो. गेज ठेवून चपट्या कानशीने तो माथ्यापासून सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली आणावा. त्याहून खाली कधीही नेऊ नये, कारण मग साखळी लाकडात गचके खाते आणि पट्टीच्या टोकाचा उसळी मारण्याचा धोका वाढतो.

नारळाचे खोड आणि जमिनीवर पडून चिखल लागलेले लाकूड धार फार लवकर खाते. अशा कामात प्रत्येक टाकीनंतर दात्याला दोन हात देणे हे शेवटी वेळ वाचवणारे आहे. एवढे करूनही काप वळला, तर पट्टीच्या दोन्ही कडा सपाट काचेवर उभ्या धरून त्या सारख्या झिजल्या आहेत का ते पाहा, आणि पट्टी दर वेळी उलटी करून बसवण्याची सवय ठेवा.

प्रश्न : चेनसॉच्या साखळीला गाडीचे काढलेले जुने ऑइल घातले तर चालते का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : नाही. त्यात धातूचे कण असतात, ते लहानशा ऑइल पंपाला झिजवतात. शिवाय वापरलेले इंजिन ऑइल त्वचेला व आरोग्याला घातक असते आणि चेनसॉ ते तुषार रूपाने आपल्या अंगावर व बागेच्या मातीत उडवत राहतो. साखळीचे ऑइल न मिळाल्यास साधे नवे इंजिन ऑइल वापरावे. पट्टीवरील ऑइलचे छिद्र मात्र दर वेळी काडीने मोकळे करावे, कारण कित्येकदा टाकी भरलेली असते आणि साखळी कोरडीच फिरत असते.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेच्या बागेतील पेट्रोल लॉन मूव्हरचे पाते कारंज्याच्या दगडी कडेला आपटले. तेव्हापासून तो चालू होत नाही आणि दोरी ओढली की हाताला उलटा हिसका बसतो. माळी म्हणतात, प्लगला ठिणगी चांगली आहे.
— गृहसंस्थेचे व्यवस्थापक, पुणे

उत्तर : ठिणगी आहे, पण ती चुकीच्या क्षणी पडते आहे. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचे जड चाक क्रँकच्या निमुळत्या दांड्यावर बसते आणि त्या दोहोंमध्ये एक लहानशी मऊ धातूची चावी असते. पाते दगडावर एकदम थांबले की क्रँक थांबतो, जड फ्लायव्हील मात्र पुढे जाऊ पाहते आणि ती चावी कातरली जाते. ती पूर्ण तुटायलाच हवी असे नाही. एखाद्या मिलिमीटरने सरकली तरी ठिणगीची वेळ बिघडते आणि उलटा हिसका बसतो.

सर्वप्रथम प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा. हे माळ्यांना निक्षून सांगा, कारण पाते हाताने फिरवतानाही इंजिन चालू होऊ शकते. वरचे आवरण काढून, फ्लायव्हीलचा नट सोडवून, पुलरने फ्लायव्हील उचलावे. हातोड्याने ठोकून उचलू नये. चावीची आणि खाचेची कड एका रेषेत नसेल, तर दोष मिळाला. नवी चावी त्याच मापाची, त्याच मऊ धातूची घ्यावी; लेथवाल्याकडून पोलादाची करून घेण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण पुढच्या वेळी दगड लागला की मग त्या धक्क्याचा भार क्रँकवर येतो. फ्लायव्हील घट्ट धरण्याचे काम त्या निमुळत्या बैठकीचे असते, म्हणून दोन्ही पृष्ठभाग कोरडे, तेलाविना पुसून, नट पुस्तिकेतल्या मापाइतका आवळावा.

चावी बदलण्याआधी क्रँक वाकलेला नाही याची खात्री करा, नाहीतर खर्च वाया जाईल. प्लग काढून पाते हळूहळू फिरवावे आणि मध्यावरच्या बोल्टकडे पाहावे : तो जागच्या जागी फिरायला हवा, गोल घिरट्या घालता कामा नये. क्रँक वाकला असेल तर तो ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे यंत्र देऊ नये. पात्याला तडा नाही ना हे पाहावे, धार लावल्यावर ते मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगावे, आणि जी बाजू खाली जाईल ती थोडी अधिक घासावी. मूव्हर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, म्हणजे ऑइल फिल्टरमध्ये उतरत नाही.

प्रश्न : मी आयटीआयमधून मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि घराच्या मागच्या पडवीत ग्रासकटर व चेनसॉ दुरुस्ती सुरू करण्याचा विचार आहे. आरंभी कोणती हत्यारे घ्यावीत आणि घरात हे काम करताना काय जपावे? तसेच एका चेनसॉचा क्लच काढताना तो कितीही जोर लावला तरी सुटत नाही. जोर अधिक लावावा का?
— एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : आपला विचार उत्तम आहे आणि आपल्या भागात कामाची मुळीच वाण पडणार नाही. शेगडा, प्लगचा पाना, अ‍ॅलन आणि ताऱ्याच्या आकाराच्या टोकांच्या किल्ल्या (त्यांतली सत्तावीस नंबरची रोज लागेल), फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, गोल व चपट्या कानशी आणि दाब-निर्वाताचा हातपंप एवढ्यावर आरंभ करता येतो. ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हील यांमधले अंतर लावायला साधे व्हिजिटिंग कार्ड पुरते, ते साधारण ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. टॅकोमीटर दुसऱ्या महिन्यात घेतला तरी चालेल, हातपंप मात्र पहिल्याच दिवशी घ्या. आमच्या भागात तो फार थोड्यांकडे असतो, आणि दापोलीच्या वाचकांचे दोन पिस्टन कशामुळे गेले असावेत हे आपण वर वाचलेच असेल.

घराविषयी एक गोष्ट मी काळजीपोटी लिहितो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत उंबरा ओलांडून आत जाते. मागच्या पडवीच्या पलीकडे स्वयंपाकघर असते, देवघरात समई तेवत असते, फ्रिजचे बटण आपोआप चालू-बंद होत असते. कार्बोरेटर उघडण्याचे आणि टाकी रिकामी करण्याचे काम अंगणात करावे, पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये घरापासून दूर ठेवावे आणि वाळूची बादली हाताशी असावी. यंत्र चालवून पाहणे बंद खोलीत कधीही करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यंत्र घेताना मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : पेट्रोल कधीचे, ऑइल किती, आणि आधी कोणी उघडले होते का. या तीन उत्तरांत माझी निम्मी तपासणी होते. साखळीचा ब्रेक पकडत नसेल किंवा स्लोवर साखळी फिरत राहत असेल, तर मालकाने ‘असू द्या’ म्हटले तरी ते ठीक केल्याशिवाय चेनसॉ परत देऊ नये. मी देत नाही, आणि त्यासाठी दोनदा पैसे सोडले आहेत.

आता क्लचविषयी. जोर आणखी लावू नका, कारण आपण तो बहुधा घट्टच करत आहात. चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, आणि पुष्कळ क्लचवर त्या दिशेचा बाणही कोरलेला असतो. प्लग काढा, पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा हातभर तुकडा आत सोडा आणि त्याचे टोक बाहेर राहू द्या. मग पाना उजवीकडे फिरवा. पिस्टन वर येऊन त्या मऊ दोरीवर टेकेल, क्रँक थांबेल आणि क्लच सुटेल. धातूचा तुकडा किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवू नका, त्याने पिस्टनचा माथा फुटतो.